दरसाल गरीब असल्याचा दाखला

आमच्या संस्थेला राज्यातली गरिबी कमी करायचं काम मिळालं, तेव्हा मी अमरावतीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मागच्या प्रकल्पाचा अहवाल लिहीत होते. मागच्या प्रकल्पात आम्ही एकाच तालुक्यातली गरिबी कमी केली होती, तीही कागदावर. त्यामुळे एकदम राज्य मिळणं म्हणजे बढतीच होती. संस्थेचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, मुंबईहून सकाळच्या गाडीनं उतरले, बॅग माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता सेवा बंद. आता जनवकिली."

जनवकिली म्हणजे गरिबांनी स्वतः आमदारांना, मंत्र्यांना भेटायचं, आपलं म्हणणं मांडायचं आणि सरकारला धोरण बदलायला लावायचं. आम्ही त्यांना बोलायला शिकवायचं. वऱ्हाडातल्या माणसाला बोलायला शिकवायची कल्पना ज्या कोणाला सुचली, तो बडनेरा स्टेशनाच्या पुढे कधी गेला नसावा.

माझ्याकडे काम आलं ते 'तळागाळातले आवाज' शोधायचं. प्रस्तावात तसंच लिहिलं होतं, आणि ते प्रस्तावात लिहिणारी मीच होते. निराधार योजनेत दरमहा मदत मिळणाऱ्या बायांकडे मी गेले. आमच्याकडे त्या मदतीला सगळे 'पगार' म्हणतात, जणू निराधार असणं ही नोकरी आहे. तशी ती असतेच. हजेरी लावावी लागते, कागद द्यावे लागतात, साहेब नसला की परत जावं लागतं.

मला मिळालेल्या आवाजांपैकी दोघींची ही गोष्ट. एक तिवशाची मावशी. नागपूर रस्त्याच्या कडेला तिची भाजीची गाडी. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, लेकी सासरी. दुसरी अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावातली गादी शिवणारी बाई. सगळा मोहल्ला तिला आपा म्हणायचा, म्हणून मीही आपाच म्हणू लागले. तिच्या नवऱ्याचं कापूस पिंजायचं यंत्र होतं. तो गेल्यावर यंत्र दिरानं नेलं आणि हिच्याकडे दाभण राहिला. दुसऱ्यांच्या दुकानासाठी ती गाद्या भरून शिवायची. बोटांना इतके घट्टे की सुई टोचली तरी तिला कळायचं नाही, असं ती कौतुकानं सांगायची.

मी दोघींना जनवकिली समजावून सांगितली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केस कोनावर टाकली?"

"केस नाही मावशी, आपणच बोलायचं."

"मंग वकील कावून पायजे?"

मी तिचं नाव यादीत लिहून घेतलं.

प्रशिक्षण अमरावतीच्या एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये झालं. गरिबीवर बोलायला थंडावा लागतो. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या, हे मी मनापासून सांगते. त्यांनी फळ्यावर घड्याळ काढलं आणि सांगितलं की आमदाराकडे फक्त दोन मिनिटं असतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याच्या काळजाला हात घालायचा, मग प्रश्न मांडायचा, शेवटी मागणी करायची. प्रत्येकीनं आपली गोष्ट अशी बसवायची.

आपाला पहिल्यांदा उभं केलं. ती म्हणाली, "मी सांगतो."

"सांगते," मॅडमनी हळूच सुधारलं.

आपानं इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणीच काही सांगत नव्हतं. आमच्याकडे बाईसुद्धा 'मी सांगतो, मी जातो' म्हणते, हे मी मॅडमच्या कानात सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

आपा पुढे बोलू लागली. नवरा गेला, यंत्र गेलं, घर मात्र आहे, गाद्या शिवते, दोन घास मिळतात, पोरगी सुरतेला सुखात आहे. चेहरा हसरा. मॅडमना ते पुरेना. त्यांनी विचारलं, "आपा, नवरा गेले तेव्हा काय वाटलं?"

"खरं सांगू? लय मारत होता. गेला तं मोहल्ल्यात चार दिवस शांतता होती."

हॉल हसला. मॅडम म्हणाल्या की हे खरं असलं तरी आमदारासमोर नको. "तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तो एखादा क्षण आठवा." आपानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि सांगितलं की कापूस भरताना रोजच येतं.

मावशीची वेगळी अडचण होती. तिची गोष्ट दोन मिनिटांत नवऱ्याच्या आजारापर्यंतही पोचेना, कारण आधी विहिरीवरून झालेलं भांडण सांगितल्याशिवाय आजार समजायचा नाही, असं तिचं म्हणणं होतं. संध्याकाळी सरांनी मागण्यांचा तक्ता भिंतीवर लावला. त्यात अकरा मागण्या होत्या. सर्वसमावेशक, शाश्वत, बहुआयामी असे शब्द होते. सर म्हणाले, "यातली तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची कोणती वाटते?"

बायांनी तक्ता वरून खालपर्यंत पाहिला. मग आपानं विचारलं, "यात दाखल्याचं कुठं हाये?"

दाखला म्हणजे उत्पन्नाचा दाखला. निराधारचा पगार चालू ठेवायचा तर आपलं उत्पन्न अजूनही तितकंच कमी आहे, असं तहसीलमधून दरवर्षी लिहून आणावं लागतं. नाही आणलं की पगार बंद. मावशीचा तीन महिन्यांपासून बंद होता. हे आम्हाला माहीत होतं, पण इतकी लहान गोष्ट तक्त्यात घातली तर निधी देणाऱ्यांना काय वाटेल, म्हणून ती सातव्या मागणीच्या पोटात 'प्रक्रियांचे सुलभीकरण' या नावानं गेली होती.

आपा म्हणाली, "सर, मी काय दरसाल श्रीमंत होऊन राहिली का? एकदा गरीब लिवलं ना, बस झालं. श्रीमंत झालो की मीच येऊन सांगतो."

सरांनी तक्त्याकडे पाहिलं, मॅडमनी घड्याळाकडे. आमच्या अकरा मागण्यांत या एका वाक्याएवढा जीव नव्हता, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. तरी पुढची दहा मिनिटं आम्ही 'बहुआयामी' शब्द ठेवायचा की नाही यावर चर्चा केली.

हिवाळी अधिवेशनाला आम्ही सगळे नागपूरला गेलो. सरांनी एका आमदाराची वेळ घेतली होती. मी तो कुठला आणि कोणत्या पक्षाचा हे सांगणार नाही. तो वाईट माणूस नव्हता, फक्त गर्दीत होता. आमदार निवासाच्या व्हरांड्यात आम्ही सकाळपासून उभ्या होतो. दुपारी तो फोनवर बोलत बाहेर आला, आम्हाला पाहून हात जोडले आणि जोडलेल्या हातांनीच पुढे निघाला. शिकवल्याप्रमाणे पहिल्या अर्ध्या मिनिटात काळजाला हात घालायचा होता. मावशीनं सरळ वाट अडवली.

"भाऊ, मले ओळखलं का? निवडणुकीत तुमी माह्या गाडीवरचं वांगं हातात घेऊन फोटो काढला होता."

तो थांबला. हसला. "हो हो, तिवशाच्या ना तुम्ही?"

"वांगं घेऊन गेले तुमी. ते राहू द्या. ही काय म्हणते ते आयका."

आणि तिनं आपाला पुढे केलं. आपानं नवरा, यंत्र, डोळ्यांतलं पाणी सगळं वगळलं आणि हॉटेलातलं तेच वाक्य म्हटलं. आमदारानं फोन कानावरून खाली घेतला. परत म्हणायला लावलं. मग आपल्या सहायकाला म्हणाला, "हे लिहून घ्या. यावर प्रश्न टाकू." मला त्या क्षणी खरंच भरून आलं. मॅडमची इतक्या दिवसांची मेहनत आपाऐवजी माझ्या डोळ्यांत उतरली होती. परत येताना एसटीत आम्ही संत्री खाल्ली, मावशीनं बाजूच्या प्रवाशांना आपण मंत्रालय हलवून आलो असं सांगितलं, आणि ते मंत्रालय नव्हतं हे मी तिला सांगितलं नाही.

प्रश्न खरोखर टाकला गेला. काही महिन्यांनी छापील उत्तर हाती आलं. निराधार महिलांना दरवर्षी दाखला द्यावा लागत असल्यानं त्यांची गैरसोय होते, हे खरे आहे काय, असा पहिला प्रश्न होता. उत्तर होतं, हे अंशतः खरे आहे. असल्यास शासनाने काय कार्यवाही केली, हा दुसरा प्रश्न. उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. विलंबाची कारणे काय, याचंही उत्तर तेच.

मी तो कागद घेऊन आपाकडे गेले. ती अंगणात गादीला टाके घालत होती. मी वाचून दाखवलं.

"अंशतः म्हणजे?"

"थोडं खरं."

तिनं दाभण गादीत खुपसून ठेवला. "म्हणजे मी थोडीशीच गरीब हाये?"

"तसं नाही आपा. म्हणजे सरकार मान्य करतं, पण पूर्ण नाही."

"आन बाकीचं काय लिवलं?"

"प्रश्न उद्भवत नाही."

"आपन तं इचारला ना प्रश्न. नागपूरले जाऊन इचारला. मंग नाही कसा म्हन्ते?"

मी तिला संसदीय भाषा समजावून सांगायला लागले. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी आधीही पाहिला होता, फेरीवाल्याकडून घेतलेला ब्लाउजपीस फाटका निघाल्यावर माझी आई त्याचं बोलणं ऐकायची तेव्हाचा.

मी परत गेल्यावर अहवालात लिहिलं, 'विधिमंडळात प्रश्न उपस्थित करण्यात यश.' त्याला ठळक केलं.

त्याच उन्हाळ्यात आपाचाही पगार बंद झाला. दाखला संपला होता. ती तहसीलला गेली तर तलाठी दौऱ्यावर. परत गेली तर सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसानं सांगितलं, तुमचं दुसरं काही उत्पन्न नाही याचा पुरावा आणा. आपानं विचारलं की जे नाही त्याचा पुरावा कुठं भेटतो. तो म्हणाला, बाहेर झेरॉक्सवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं. झेरॉक्सवाल्याकडे खरोखरच छापील नमुना होता.

तिनं मला फोन केला. मी म्हटलं, निवेदन देऊ. ती म्हणाली, "निवेदन लय झाले, बाई. आता बसून पायतो." मी तिला थांब म्हटलं, कारण त्या आठवड्यात मला पुण्याला जायचं होतं. तिथं लोकसहभागावर कार्यशाळा होती.

त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला मोहल्ल्यातल्या बायांनी, तहसीलमधल्या शिपायानं आणि शेवटी आपानं सांगितलं, आणि तिघांचंही सांगणं जुळतं.

मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या माळीपुऱ्यातल्या ज्या ज्या बायांचे दाखले अडकले होते त्या सगळ्यांना घेऊन आपा तहसीलला गेली. बसायला फरशी तापते म्हणून तिनं बैठकीच्या पातळ गाद्या आणल्या. स्वतःच शिवलेल्या, लाल-पिवळ्या खोळीच्या. हातगाडीवर रचून आणल्या. व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी अंथरल्या आणि बाया बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. कोणी डाळ निवडत होतं, कोणी फुलांचे हार ओवत होतं. माळीपुऱ्यातल्या एकीनं तिथंच बसून मंडपवाल्याची सगळी ऑर्डर पुरी केली.

तहसीलदार नवा होता. गाद्यांच्या मधून पाय टाकत तो खोलीपर्यंत गेला आणि परत आला.

"हे कोणाचं आंदोलन आहे?"

"आंदोलन नाही, साहेब," आपा म्हणाली. "दाखल्यासाठी बसलो."

"परवानगी घेतली का?"

"दाखला घ्याले परवानगी लागते का आता?"

"किती दिवस बसणार?"

"तुमी सांगा. तलाठी कवा येते?"

तो खोलीत परत गेला. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. आता इतर कामांना आलेले म्हातारे-कोतारेही गाद्यांवर टेकू लागले. सात-बारा काढायला आलेला एक जण तर झोपला. तिसऱ्या दिवशी शिपायानं आपाला बाजूला घेऊन विचारलं की त्याच्या खुर्चीसाठी एखादी लहान मिळेल का, कंबर धरते. आपानं दिली. चौथ्या दिवशी तहसीलदारानं तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि विचारलं, "नेमकं काय पाहिजे?"

तिनं इथंही तेच, एकदा गरीब लिहिलं की बस झालं, हे वाक्य म्हटलं. तो म्हणाला की दरवर्षीच्या दाखल्याची अट त्याच्या हातात नाही, ती वर मुंबईत ठरते. पण तलाठ्याला दर बुधवारी मोहल्ल्यातल्या शाळेत बसवणं त्याच्या हातात आहे. तिथंच चौकशी, तिथंच अर्ज, दाखलाही तिथंच आणून द्यायचा. कुणीच तहसीलला यायचं नाही.

"लिवून देता?" आपानं विचारलं.

त्यानं लिहून दिलं. बायांनी गाद्या उचलल्या. दोन गाद्या तेवढ्या मागे राहिल्या, एक शिपायाची आणि एक कोणाच्या तरी खोलीत गेलेली.

मी पुण्याहून आले आणि सरांना हे सांगितलं. सर खुर्चीतून उठले. "ही जनवकिली," ते म्हणाले, आणि मला ताबडतोब यशोगाथा लिहायला सांगितली. मी लिहिली. 'संस्थेच्या प्रशिक्षणातून सक्षम झालेल्या महिलांनी' अशी सुरुवात केली. अशी सुरुवात करायला मला आता विचारही करावा लागत नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवायला आपाकडे गेले, कारण प्रस्तावात आम्ही पारदर्शकता लिहिली होती.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुमी होत्या का तिथं?"

"नव्हते, आपा."

"मंग तसं लिवा. नव्हतो म्हनून."

आवाज चढलेला नव्हता. तिनं चहा ठेवला, मला बिस्किटं दिली, पोरीचा फोटो दाखवला.  मी घरी आले आणि 'नव्हतो' असं कुठंच लिहिलं नाही. 'प्रशिक्षणातून सक्षम झालेल्या' एवढं खोडलं आणि 'संस्थेच्या संपर्कातील' असं केलं. माझ्या प्रामाणिकपणाची एवढीच लांबी निघाली.

पुढे एक मजा झाली. अमरावतीत विभागाची बैठक होती, चांगल्या उपक्रमांचं सादरीकरण. सरांना आमंत्रण होतं म्हणून मीही मागच्या रांगेत बसले. तो तहसीलदार आला, त्यानं 'उंबरठ्यावर दाखला' नावाचा उपक्रम पडद्यावर दाखवला. कल्पना कशी सुचली हे सांगताना तो म्हणाला, क्षेत्रभेटीत नागरिकांच्या अडचणी जाणवल्या. क्षेत्रभेट म्हणजे बहुधा खोलीतून व्हरांड्यापर्यंतची. पुढचा फोटो आला आणि मी सरसावून बसले. लाल-पिवळ्या गाद्या, त्यावर म्हातारी माणसं. खाली लिहिलं होतं, 'नागरिकांसाठी आरामदायी बैठक व्यवस्था.'

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग महिन्याभरात वरून सगळ्या जिल्ह्यांना पत्र निघालं की हा उपक्रम सर्व तालुक्यांत राबवावा. आमदाराच्या प्रश्नाला, आमच्या अकरा मागण्यांना, पुण्याच्या मॅडमच्या घड्याळाला जे जमलं नव्हतं ते एका अधिकाऱ्याच्या सादरीकरणाला जमलं. राज्य पातळीवर बदल झाला. त्यात आपाचं नाव नव्हतं, आमच्या संस्थेचंही नव्हतं, आणि सरांना या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त दुःख झालं.

आपाला मी फोनवर सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "साऱ्याच जिल्ह्यात?"

"सगळ्या."

"कागद निघाला का खरंच? तुमी सोता पायला?"

"पाहिला. माझ्याकडे प्रत आहे."

"मंग आन," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "उर्दू शाळेच्या भिंतीले लावतो."

मी नेऊन दिला. तिनं तो घरातच जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिकटवला आणि मग शाळेत नेला. वर्षाची अट मात्र आहे तशीच आहे. दरसाल गरीब असल्याचं सांगावंच लागतं, फक्त आता घराजवळ सांगावं लागतं.

गेल्या महिन्यात नागपूरला जाताना मी तिवशाला उतरले. मावशीच्या गाडीवर गर्दी होती. तिचा पगार सुरू झाला होता. बुधवारी तलाठी नगरपंचायतीत बसतो, पण ही गाडी सोडून जाईना, तेव्हा एका बुधवारी घरी जाता जाता तोच सांभार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला थांबला आणि तिथंच त्यानं फॉर्म काढला.

"त्यानं इचारलं, उत्पन्न किती लिवू," मावशी सांगत होती. "मी म्हनलं, तुले दिसून राहिलं ते लिव."

"मग काय लिहिलं?"

"काय मालूम. गाडीकडे पायत होता बराच वेळ. मंग लिवलं." तिनं एका गिऱ्हाइकाला मेथीची जुडी दिली आणि माझ्याकडे वळली. "तू कुठं चालली?"

मी सांगितलं, नागपूरला, नव्या प्रकल्पाच्या बैठकीला.

"आता काय कमी करनार?"

कुपोषण, मी म्हटलं. तिनं मान हलवली, पिशवीत चार टमाटे टाकले आणि माझी एसटी येईपर्यंत मला गाडीवर बसवून स्वतः चहा प्यायला गेली. तेवढ्या वेळात मी अर्धा किलो वांगी विकली, आणि ती परत आल्यावर भाव चुकीचा सांगितला म्हणून बोलणी खाल्ली.